दोनशे तेरा अंशांवर

डॉक्टर हिल्मी तादरुस यांचं लग्न दोनशे तेरा अंशांवर ठरलं, हे आमच्या रसायनशास्त्र विभागात शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं. दर वर्षी नवी पोरं आली की चहाच्या वेळी डॉक्टर ही गोष्ट काढत, आणि त्यांची बायको लोरीस समोर असली की म्हणे, "पुरे कर हिल्मी, भिंतींनासुद्धा कंटाळा आला असेल." म्हणताना हसायची मात्र, आणि गोष्ट संपेपर्यंत जागची हलायची नाही.

गोष्ट अशी. बेचाळीस वर्षांपूर्वी हिल्मी नुकताच शिकवायला लागला होता. काटकुळा, मोठ्या कानांचा. लोरीस त्याच्या हाताखाली एम.एस्सी. करायला आलेली, नन्सच्या शाळेत शिकलेली, बोलताना मध्येच फ्रेंच शब्द पेरणारी. पिरिडिनच्या रेणूचा षटकोन घ्यायचा, त्यावर गंधक चढवायचा आणि त्यातून नवे नवे पदार्थ काढायचे, हे हिल्मीचं वेड. वास असा की नाक धरून पळावं. पिरिडिनला कुजक्या मासळीची घाण येते आणि गंधक त्याच्या वरताण. लोरीसची आई तिला आधी अंगणात उभी करायची, कपडे बदलायला लावायची आणि मग घरात घ्यायची. शम अन्-नसीमच्या सणाला सगळं गाव खारवून आंबवलेला फिसीख मासा खातं ना, त्या एका दिवशी आमच्या रसायनवाल्यांना कोणी नावं ठेवत नाही. बाकी वर्षभर बसमध्ये शेजारची जागा रिकामीच.

तर एका दुपारी एक नवा पदार्थ छान फिकट पिवळे स्फटिक होऊन हाती आला, आणि तो किती अंशांवर वितळतो ते बघायचं होतं. केसासारख्या बारीक काचनळीत चिमूटभर भरायचं, नळी आणि थर्मामीटर शेजारी शेजारी तेलात सोडायचे, तेल हळूहळू तापवायचं आणि भिंगाला डोळा लावून बसायचं. एकाने बघायचं, एकाने लिहायचं. हिल्मी बघत होता, लोरीस लिहीत होती. पदार्थ वितळला. हिल्मीने आकडा सांगितला, आणि भिंगावरचा डोळा न काढता त्याच दमात म्हणाला, "लोरीस, रविवारी चर्चनंतर तुझ्या वडिलांना भेटायला येऊ का?"

वहीत आकडा आहे, दोनशे तेरा. त्याच्यापुढे पेन्सिलीचं टोक मोडल्याचा खड्डा आहे. "पदार्थ दोनशे तेरावर वितळला, लोरीस त्याच्याही आधी," असं डॉक्टर सांगत. लोरीस म्हणे, "खोटं. वितळला होता हाच. मी नुसतं बघू म्हटलं होतं."

वहीतला आकडा लेखात गेला, लेख छापून आला, नाव झालं. त्या पदार्थाच्या पाठीवर डॉक्टरांनी आणि त्यांच्या शिष्यांनी शे-सव्वाशे पदार्थ उभे केले. आता डॉक्टर शहात्तर वर्षांचे. निवृत्त होऊनही विभागात एक खोली राखून असलेले, पण डोळे गेलेले. माणूस सावलीसारखा दिसे, अक्षर तर नाहीच. लोरीस त्यांना वाचून दाखवायची, हाताला धरून न्यायची-आणायची. आणि त्यांच्या हाताखाली शेवटची एकच विद्यार्थिनी उरली होती, रिहाब.

या रिहाबचं काय झालं होतं, ते ऐका. तिची पीएच.डी.ची पाच वर्षं जूनअखेर संपत होती. आमच्याकडे नियम असा आहे की विद्यापीठात शिकवणाऱ्याने मुदतीत पीएच.डी. केली नाही, तर त्याच्या हातचा खडू जातो आणि त्याला कुठल्यातरी कार्यालयात फायली लावायला बसवतात. काम सगळं झालं होतं, प्रबंध लिहून तयार होता. अडलं होतं डॉक्टरांच्या एका सहीवर, आणि सही अडली होती एका आकड्यावर. डॉक्टरांच्या त्याच जुन्या पदार्थावरून तिने पुढचे एकोणीस बनवले होते. आणि तो पहिला पदार्थ तिने बनवला की दर वेळी दोनशे एकतीसवर वितळायचा. दोनशे तेरावर नाही म्हणजे नाही.

शम अन्-नसीमच्या सोमवारी ती आईने दिलेला मासा आणि कांद्याच्या हिरव्या पातीची जुडी घेऊन डॉक्टरांच्या घरी आली. दारातच लोरीसला हळूच म्हणाली, "तांत, डॉक्टरांचा मूड कसा आहे?" सगळे विद्यार्थी लोरीसला तांतच म्हणत. त्यात काकू, मावशी सगळं आलं.

"मासा खाल्ला की सुधारेल. तुझं तोंड का गं उतरलंय?"

"परत दोनशे एकतीस."

"कितव्यांदा?"

"नवव्यांदा."

डॉक्टरांचे डोळे गेले होते, कान चांगले तिखट होते. आतून आवाज आला, "नवव्यांदा चुकलीस म्हण! घाईघाईने तापवतेस."

"मिनिटाला दोन अंश, डॉक्टर," रिहाब आत जात म्हणाली. "याहून हळू तापवलं तर पदार्थ वितळायच्या आधी मी म्हातारी होईन."

"मग तुझा तुकडा नायट्रोजनला जाऊन चिकटलाय."

इथे सगळी मेख होती. त्या षटकोनाला हात पुढे करणारे दोघं असतात, एक नायट्रोजन आणि त्याच्या शेजारचा गंधक. नवा तुकडा आणून सोडला की तो कोणाचा हात धरेल याचा नेम नाही. गंधकाचा धरला तर ठीक, पुढे नवं कडं तयार होतं. नायट्रोजनचा धरला तर दिसायला तसाच पदार्थ, पण कामाचा नाही, आणि वितळतोही भलत्याच अंशांवर.

"नायट्रोजनला चिकटला असता तर पुढचं कडं झालंच नसतं," रिहाब म्हणाली. "झालंय. अतिनील दिव्याखाली निळं चमकतंय."

"थोडाफार गंधकाला चिकटला असेल. तेवढाच चमकतोय."

"आणि कैरोहून आलेला तपासणीचा कागद? त्यात स्पष्ट गंधक लिहिलंय."

"ते लोक कोणाच्या बाटलीचा कागद कोणाला देतात देवच जाणे. हे बघ रिहाब, तुझ्याआधी माझ्या हाताखाली होता त्या सोलिमानला दोनशे तेरा आला. त्याच्या आधी बसंतला आला. सगळ्या जगाला येतो, तुलाच तेवढा का येत नाही?"

 पोरगी ताट उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. लोरीसने नळ बंद केला. "बोल."

"तांत, सोलिमानने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. त्यालाही एकतीसच आला होता. त्याने तेरा लिहिलं, सही घेतली आणि कुवेतला गेला. मलाही सगळे तेच सांगतात. लिही आणि मोकळी हो. आईसुद्धा म्हणते, म्हाताऱ्या माणसाचं मन राख."

"मग का नाही लिहिलंस?"

"लिहायला बसले होते. दोन रात्री बसले. तांत, माझे एकोणीस पदार्थ त्या एकावर उभे आहेत. तोच खोटा लिहिला तर बाकीचे कोणत्या तोंडाने दाखवू? आणि उद्या माझ्या हाताखाली कोणी आलं, तर तिलाही सांगू का, की तेरा लिही?"

 स्वतःची एम.एस्सी. लोरीसने मुलगा पोटात असताना अर्धी सोडली होती. मुलगा आता कॅनडात होता, आठवड्यातून एकदा फोन करायचा, आणि एम.एस्सी. सोडल्याचं दुःख ती करत बसली नव्हती. पण ही पोर फायली लावत बसलेली तिला बघवणार नव्हती. तिला रिहाबचा खूप लळा होता, उगाच कशाला लपवा. आकड्याबद्दल मात्र लोरीसला तिळभर शंका नव्हती. तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता तो. म्हणजे पोर चुकतेय. पण पोर खोटं बोलत नाही. आणि नऊ नऊ वेळा कोणी चुकत नाही. या तिढ्यात तिचं डोकं फिरून गेलं, आणि मग तिला जे सुचलं ते तिने चहा देता देता सरळ बोलून टाकलं.

"हिल्मी, कपाटातली कुपी फोड."

डॉक्टरांचा पेला ओठापर्यंत जाऊन थांबला. त्या दुपारच्या मूळ पदार्थातला थोडासा त्यांनी काचेच्या कुपीत घालून, तोंड वितळवून बंद करून जपून ठेवला होता. वर चिठ्ठी लोरीसच्या हातची. ती कुपी ते कोणाला हातात धरू देत नसत.

"ती नाही," ते म्हणाले.

"का? कोणाच्या लग्नात आहेर करणार आहेस?"

"तो आपला आहे, लोरीस."

"आपला आहे म्हणूनच म्हणते. तो तर खरा आहे ना? मग त्यालाच विचारू. तू बस, मी बसते, ही बघेल. तुझ्याच जुन्या तेलात आणि तुझ्याच जुन्या थर्मामीटरवर. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे."

"आणि दोनशे तेरावर वितळला तर?" डॉक्टरांनी रिहाबकडे तोंड वळवून विचारलं.

"तर मी स्वतःच्या पायाने त्या कार्यालयात जाऊन बसेन," रिहाब म्हणाली. "तुम्हाला परत त्रास देणार नाही."

नाही वितळला तर काय, हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरांच्या मनात ते आलंही नसावं.

गुरुवारी सकाळी तिघं प्रयोगशाळेत जमली. शिपाई शहाताने डॉक्टरांना खुर्ची दिली, लोरीससाठी स्टूल पुसलं, आणि "मॅडम किती वर्षांनी!" असं दोनदा म्हणून दाराशी उभा राहिला. आमची प्रयोगशाळा आता नवी झाली आहे, आकडा आपोआप दाखवणारी यंत्रं आली आहेत. पण डॉक्टरांनी तेलाचं जुनं काचपात्र आणि भिंगच काढायला लावलं. रिहाबने कानशीने कुपीच्या मानेवर चर पाडला, कपड्यात धरून ती टक्कन मोडली. वास आलाच. बेचाळीस वर्षं कोंडलेला, पण तोच. लोरीसला एकदम आईचं अंगण आठवलं.

"मध्ये एक शब्द नको," डॉक्टर म्हणाले. "वितळलं की आकडा, बस."

वही लोरीसच्या मांडीवर होती. तेल तापायला लागलं. रिहाब भिंगाला डोळा लावून बसली, दात ओठांवर, मान ताठ. डॉक्टर काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले होते. लोरीस नवऱ्याकडे बघत होती. हा माणूस इथेच असा वाकून बसला होता, कान असेच लाल झाले होते आणि तिला वाटलं होतं की तेलाची धग लागतेय. किती वेळ गेला कोण जाणे. तेलातून धूर निघायला लागला, शहाताने खिडकी उघडली.

"वितळला," रिहाब म्हणाली.  "दोनशे एकतीस."

लोरीसने लिहिलं आणि आकडा परत वाचून दाखवला. लिहिणाऱ्याने वाचून दाखवायचा असतो, तशी पद्धतच आहे. "दोनशे तेरा."

 डॉक्टरांनी काठीवरची हनुवटी उचलली.

"काय वाचलंस?"

"दोनशे तेरा."

"तिने काय सांगितलं, लोरीस?"

"दोनशे एक..." लोरीस म्हणाली आणि थांबली. "तीस."

तिने वहीकडे पाहिलं. दोन, एक, तीन. तिचंच अक्षर, ठसठशीत, अजून ओलं.

आता हे कसं झालं ते मी सांगतो. आमच्याकडे अरबीत आकडा बोलताना एकक आधी येतो, दशक मागून. एक-तीस. मराठीत तरी वेगळं काय आहे? आपण लहानपणापासून तसंच लिहायला शिकतो, एक ऐकला तरी हात थांबतो, तीस ऐकतो आणि मग तीन आधी लिहितो. पण लोरीस बारा वर्षं नन्सकडे फ्रेंचमध्ये गणित शिकली होती. फ्रेंचमध्ये तीस आधी, एक मागून, जसं ऐकाल तसं लिहा. तिचा हात कानाच्या मागून धावायचा. पहिली दोन वर्षं तिने किती आकडे उलटे लिहिले असतील आणि वाचून दाखवताना किती खोडले असतील, याला गणती नाही. म्हणून तर हिल्मीने ती वाचून दाखवायची सक्ती केली होती. आणि त्या एका दुपारी ती वाचून दाखवायची राहिली, कारण आकड्याच्याच दमात त्याने लग्नाचं विचारलं.

"मी लिहिलं," लोरीस म्हणाली. "हिल्मी, हे मीच केलं."

रिहाबला आनंद व्हायला हवा होता. ती भिंगापासून उठली, भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडायला लागली. शहाताला काही कळलं नव्हतं. तो बिचारा पाण्याचा पेला घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"रडू नंतर," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी कोरडा होता. "तुझा आणि माझा एकत्र खल. नवीन नळी भर."

दोन पदार्थ वेगळे असतील तर मिसळल्यावर लवकर वितळतात. एकच असतील तर काही फरक पडत नाही. रिहाबने डोळे पुसले, दोन्ही खलले, नळी भरली, तेल निवू दिलं, परत तापवलं. तास गेला. "दोनशे तीस," ती म्हणाली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, "आणि त्यावर एक."

"एकच आहेत म्हणजे," डॉक्टर म्हणाले. "बरं."

 घरी आल्यावर डॉक्टर दुपारी जेवले नाहीत. लोरीसने त्यांच्या आवडीची मुलूखियाची पालेभाजी केली होती, उन्हात फुगवलेला पाव शेजारणीकडून आणला होता, सगळं तसंच झाकून ठेवलं. बेचाळीस वर्षं ज्या आकड्यावर हा माणूस हसत आला, तो आपण त्याच्या हातातून काढून घेतला, असं तिला वाटत होतं आणि ते सोसवत नव्हतं. शेवटी ती त्यांच्या पलंगावर जाऊन बसली.

"मला फार वाईट वाटतंय, हिल्मी."

"कशाचं?"

"त्या गोष्टीचं. आता कशी सांगशील?"

"गोष्ट जाऊ दे खड्ड्यात," डॉक्टर म्हणाले. "मला सोलिमानचं वाईट वाटतंय. चांगला पोरगा होता. त्याला माझ्यापुढे खोटं लिहावं लागलं, कारण माझ्यापुढे खरं चालत नव्हतं. आणि ही एकटी खरं बोलत होती, तिला मी नऊ वेळा परत पाठवलं. तुझ्या हातून एक आकडा उलटा पडला. पण हातात वही धरून चाळीस वर्षं लोकांना दम देत होतो तो मी."

लोरीसने त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. मग म्हणाले, "भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिहाबला घरी बोलावून प्रबंधावर सही केली. अंदाजाने केली, म्हणून ती ओळ सोडून वर गेली. रिहाबने वाकून त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मग ते लोरीसला म्हणाले, "कागद घे. मासिकाला दुरुस्ती पाठवायची. मी सांगतो, तू लिही."

"मी? मी लिहू?" लोरीस म्हणाली. "अजून हौस फिटली नाही का?"

"लिही. लेखकाकडून आकडा चुकीचा नोंदला गेला, त्याबद्दल लेखक दिलगीर आहे..."

लोरीसने पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"लेखकाने नाही नोंदला. मी नोंदला. माझं नाव घाल."

"वेडी आहेस का? लोक म्हणतील म्हाताऱ्याने बायकोवर ढकललं. चुकीला नाव नको, लोरीस."

"कामालाही नको होतं का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रिहाब चहा ढवळायची थांबली. "त्या लेखातले पाच पदार्थ मी बनवलेत, हिल्मी. माझ्या हाताने. हा पहिला तर माझाच. तू उतावळा, तुला स्फटिक कधी नीट जमले नाहीत. लेखावर नाव एकट्याचं आहे. खाली आभार आहेत ना, ते विद्यापीठाचे आहेत आणि काचकाम करणाऱ्या खलीलचे. मी कुठेच नाही."

"तू कधी मागितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

 डॉक्टरांचे न दिसणारे डोळे खिडकीकडे लागले होते. लोरीसला वाटलं, आपण जास्त बोललो. आणि मग वाटलं, बोललो तर बोललो. एवढ्या वर्षांत हे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं, मनात तरी किती वेळा आलं असेल हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. निघाल्यावर मात्र छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"तू इतकी वर्षं गोष्ट ऐकत बसायचीस," ते शेवटी म्हणाले. "आणि मी फक्त लग्नाचीच सांगायचो."

"मला आवडायची ती."

"मला माहीत आहे. घे पेन. लिही. लेखातले पदार्थ हिल्मी तादरुस आणि लोरीस बिशारा यांनी बनवले. दुसरं नाव त्या वेळी छापायला हवं होतं, ते छापलं नाही, ही पहिली चूक. आकडा तादरुस यांनी वाचला आणि बिशारा यांनी उलटा लिहिला, ही दुसरी. ती रिहाब अब्देलआल यांनी शोधली. क्रम हाच ठेव. पहिली पहिलीच राहू दे."

बिशारा हे लोरीसच्या बापाचं नाव. आमच्याकडे बाईचं नाव लग्नाने बदलत नाही, पण तिला या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. तिने ते लिहिलं. रिहाबने सगळं यंत्रावर छापून काढलं, प्रबंधातही जागोजागी ते नाव घातलं, आणि पत्र त्याच दुपारी गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिहाबची जाहीर परीक्षा झाली. परीक्षकांचे अभिप्राय आधीच चांगले आले होते, तेव्हा जागा वाचली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईने बस्बूसाच्या मिठाईचे चार थाळे भरून आणले होते आणि आत्या-मावश्या लांबलचक आनंदाच्या आरोळ्या ठोकायच्या तयारीत मागच्या रांगांत बसल्या होत्या. डॉक्टर आणि लोरीस तिसऱ्या रांगेत होते. कैरोहून आलेले परीक्षक जाड चष्म्याचे, फटकळ गृहस्थ. त्यांनी दोन तास पोरीला पिळून काढलं. ती ठाम उभी राहिली. मग त्यांनी एक पान उघडलं.

"इथे जागोजागी लिहिलंय, तादरुस आणि बिशारा. तादरुसना मी ओळखतो, ते समोरच बसलेत. हे बिशारा कोण? नाव कधी ऐकलं नाही. हयात आहेत का?"

रिहाब तिसऱ्या रांगेकडे बघत राहिली. डॉक्टरांनी लोरीसच्या कोपराला हात लावला. ती उठली. मांडीवरची पर्स खाली पडली, ती तशीच राहिली.

"हयात आहे," लोरीस म्हणाली. "चूक माझीच होती."

सभागृह हसलं, टाळ्याही पडल्या. ती खाली बसायला लागली. परीक्षक हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून ते तिच्याकडे बघत होते.

"चुकीबद्दल मी वाचलंय. मला दुसरंच विचारायचंय. हा पहिला पदार्थ माझ्या पोरांना चिकट लगद्यासारखा मिळतो, स्फटिक बनतच नाहीत. तुमच्या लेखात त्याबद्दल अक्षर नाही. तुम्ही कसे काढलेत, डॉक्टर बिशारा?"

"मी डॉक्टर नाही," लोरीस म्हणाली. "एम.एस्सी.सुद्धा अर्धीच झाली."

"ते मी विचारलं नाही."

 ती म्हणाली, "अल्कोहोलमधून. गरम असताना गाळायचं आणि झाकून ठेवायचं, बर्फात घालायचं नाही. बर्फात घातलं की लगदा होतो. थोडं निवलं की पाण्याचे थेंब, मोजके, आणि काचेच्या कांडीने भांडं आतून घासत राहायचं. पाऊण तास लागतो. हात दुखतो. सोडायचं नाही."

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि ते सगळं प्रबंधाच्या समासात लिहून घेतलं.  लोरीस बसणार एवढ्यात त्यांनी मान वर न करता हात उचलला.

"उभ्याच राहा," ते म्हणाले. "अजून दोन प्रश्न आहेत."